स्कॉर्पिओ ओढंल हो, पण आधी काट्यावर घाला

तुम्ही विचारलंय की २०११ ची स्कॉर्पिओ आहे, १ लाख ७० हजार किलोमीटर पळालेली, पुण्याकडून एक जुना कॅम्पर ट्रेलर (गाडीमागं ओढायची, मुक्कामाची सोय असलेली ट्रॉली) मिळायलाय, विकणारा म्हणतो रिकामा ६५० किलो भरतो, दिवाळीनंतर लातूरहून वेरूळ-अजिंठा करून यायचं, सोबत बायको, दोन लेकरं आणि आई. तर गाडी ओढंल का आणि ट्रेलर जोडायला हूक कुठला बसवू.

ओढंल. त्यात काही शंका नाही. डिझेल इंजन आहे, खाली लॅडर फ्रेमची चॅसी आहे, टन-दीड टन ओढायला ती गाडी का-कू करणार नाही. पण भाऊ, माझं अंबाजोगाई रोडला २६ वर्षं गॅरेज आहे, जनरेटरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, मंडपवाल्यांचे ट्रेलर, आणि आता चारपाच वर्षांत हे कॅम्पर, सगळं स्वतः ओढलंय आणि दुसऱ्यांचं मोडलेलं दुरुस्त केलंय, त्यावरून सांगतो, ओढलं नाही म्हणून कुणी माझ्याकडं आलेलं मला आठवत नाही. जे आले ते थांबलं नाही म्हणून आले, नाहीतर मागचं शेपूट हलायला लागलं म्हणून आले. म्हणून हूकला एक रुपया घालायच्या आधी ट्रेलर सगळ्या सामानासकट भरा आणि मोंढ्यातल्या (धान्याच्या बाजारातल्या) वजनकाट्यावर नेऊन घाला. शेपन्नास रुपयाचं काम आहे पण पुढचं सगळं त्याच पावतीवर ठरतंय.

कारण ते ६५० किलो म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडचे किलो. आता तुम्हीच बेरीज करा. पाण्याची टाकी ८० लिटरची असली तर ८० किलो झाले, १ लिटर म्हणजे १ किलो, यात सूट नाही. घरगुती गॅस टाकीत गॅस १४.२ किलो आणि वरून लोखंड, मिळून ३० च्या आसपास. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ५० एक किलो. गाद्या, कनात, भांडी, खुर्च्या, आईसाठी फोल्डिंगची कॉट, लेकरांच्या सायकली, शंभर कधी भरले कळत पण नाही. झाले ना ९०० च्या वर? आणि इथंच फरक पडतो, कारण युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची हद्द आहे, म्हणजे त्याच्या वर गेला की ट्रेलरला स्वतःचा ब्रेक पाहिजेच, आणि त्याच्या खाली असला तरी ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाच्या वर नको. आपल्याकडं कोण विचारतंय म्हणून सोडू नका, रस्त्याला युरोप आणि लातूर कळत नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढायचा आकडा दिला असला तर तो शेवटचा शब्द, तो माझ्या सांगण्यापेक्षा मोठा.

काट्यावर तीन वजनं करायची. पहिलं, नुसती स्कॉर्पिओ, सगळी माणसं बसवून, डिझेल फुल करून. दुसरं, ट्रेलर जोडलेला पण काट्यावर फक्त स्कॉर्पिओचीच चार चाकं, ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर. तिसरं, दोन्ही मिळून. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलर तुमच्या हूकवर किती किलो दाब टाकतोय ते निघतं. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की भरलेल्या ट्रेलरचं वजन. काटा ट्रकचा असतो, पाचदहा किलो इकडंतिकडं दाखवतो, तर घरी पण एकदा मोजा, वजन बघायचा बाथरूमचा काटा आणि एक जाड फळी घ्या. फळीचं एक टोक लोखंडी नळीवर, दुसरं टोक काट्यावर, दोघात अंतर तीन फूट, आणि नळीपासून एक फुटावर ट्रेलरची मान (हूकला जोडायचा पुढचा दांडा) टेकवायची. काट्यावर जे येईल त्यातून रिकाम्या फळीचं वजा करा आणि राहिलेल्याला तीननं गुणा. मान मात्र गाडीला जोडल्यावर जितकी उंच राहते तितक्याच उंचीवर धरा, खाली-वर केली तर आकडा बदलतो.

हा मानेवरचा दाब एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के पाहिजे. ९०० किलोचा ट्रेलर तर ९० ते १३५ किलो. का, ते आपल्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं. बैलगाडी भरताना माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं आणि बैलाला पायच धरता येत नाही. पुढं जास्त झाला की धुरजड, बैलाच्या मानेचं सालटं निघतं. ट्रेलरला हेच लागू आहे, फरक एवढाच की बैलगाडी ताशी पाच किलोमीटरनं जाते आणि तुम्ही सत्तरनं. ट्रेलर नेहमी थोडा धुरजड पाहिजे, उलाळ कधीच नाही. पण जास्त धुरजड केला तर स्कॉर्पिओचं बूड बसतं, तोंड वर होतं, पुढची चाकं हलकी पडतात, स्टेअरिंग लोण्यासारखं वाटायला लागतं (लोकांना ते आवडतं, पण ते वाईट लक्षण आहे) आणि रात्री हेडलाईट झाडाच्या शेंड्यावर. म्हणून जड सामान, बॅटरी, पाणी, भांड्याची पेटी, एक्सलच्या वर किंवा जरासं पुढं. मागच्या टोकाला फक्त गाद्या, कपडे. सायकली मागं लटकवायचा स्टँड ट्रेलरला आधीच असला तर तो काढून टाका, आणि मानेवरचे ते १३५ किलो गाडीच्या माणसांच्या-सामानाच्या वजनात धरले जातात हे विसरू नका, मागं डिकीत पुन्हा पोती भरू नका.

उलाळ ट्रॉली काय करते ते मी २००७ ला बघितलंय. लग्नसराई होती, एका पार्टीचा जनरेटर पोचवायचा होता, पोरांनी डिझेलचे कॅन पुढं ठेवायला जागा पाहिजे म्हणून जनरेटर मागं सरकवून बांधलेला, मी पण घाईत बघितलं नाही. रेणापूरच्या अलीकडं जरा उतार आहे तिथं गाडीनं पासष्ट-सत्तर धरला असेल. पहिल्यांदा सीटखाली कळतं, स्टेअरिंगला नंतर. कंबरेखालून कुणीतरी डावीकडं-उजवीकडं ढकलतंय असं, हळूहळू, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. मी काय केलं, जे कुणीपण करंल तेच, ब्रेक मारला. ट्रॉली तिरकी असताना पुढची गाडी थांबली की मागचं वजन तिला कोपऱ्यातून ढकलतं, तसंच झालं, ट्रॉली आडवी आली, आम्ही दोघंपण बांधावरून शेतात. ड्रॉबार, म्हणजे ट्रॉलीचा पुढचा दांडा, कोयत्यासारखा वाकला होता. माणसाला काही झालं नाही, जनरेटरवाल्यानं मात्र वर्षभर तोंड बघितलं नाही.

तर शेपूट हललं तर ब्रेक नाही. स्टेअरिंग सरळ घट्ट धरायचं, झोक्याच्या उलटं फिरवत बसायचं नाही, माणसाचा हात त्या झोक्यापेक्षा नेहमी उशिरा पोचतो आणि उलट भर घालतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. वेग वाढवून सरळ करायचं असं एक जण छातीठोक सांगत फिरतो, त्याचं ऐकू नका. कसंही शांत झालं तरी पुढं तसंच जायचं नाही, कडेला घेऊन सामान पुढं सरकवायचं. वेगाचं म्हणाल तर चांगल्या रस्त्यावर पण ७० च्या वर नको. साठवरून ऐंशीवर गेलात तर वेग एक तृतीयांशच वाढला असं वाटतं पण थांबवायला लागणारा जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो. समृद्धीवर चढला म्हणून पण नाही, तो सिमेंटचा रस्ता मे महिन्यात टायरला भाजून काढतो आणि सरळ रस्त्यावर काटा नव्वदीत कधी गेला कळत नाही.

पाण्याच्या टाकीचं अजून एक. २०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती ते वर्ष, तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ टँकर ओढायलो होतो. भरलेला टँकर सरळ चालतो, रिकामा पण सरळ चालतो, अर्धा टँकर मात्र ब्रेक दाबला की एक धक्का आत्ता देतो आणि दुसरा क्षणभरानं देतो. कॅम्परची टाकी लहान असते पण खोड तीच. एकतर फुल भरा नाहीतर रिकामी करून निघा आणि पाणी मुक्कामावर भरा, मी तर रिकामीच म्हणतो, ८० किलो कशाला फुकट फिरवायचे.

आता हूक. माझ्याकडं एक गाडी आली होती, हूक बंपरच्या ब्रॅकेटला दोन बोल्टवर बसवलेला, वरून काळा रंग मारून एकदम कंपनीसारखा. पाठीमागं उभं राहून पायानं दाबला तर बंपरसकट हलला. हूक चॅसीच्या दोन्ही लांब चॅनलला बसला पाहिजे, चांगल्या ग्रेडच्या बोल्टनं, दोन्ही बाजूंनी. चॅसीवर वेल्डिंग मारू देऊ नका, पोरगं कितीपण हुशार असू द्या. त्याच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन मागचा आडवा पाईप आणि चॅनलच्या आतली बाजू स्क्रूड्रायव्हरनं ठोकून बघा, तेरा-चौदा वर्षांच्या गाडीत चिखल आत साठून गंजलेला असतो, टण आवाज आला तर ठीक, भद आला तर हूकचा विचार सोडा. आणि स्कॉर्पिओची स्टेपनी खाली लटकते, हूक बसवल्यावर ती खाली उतरते का ते गॅरेजातच बघून घ्या, पाचोडजवळ रात्री अकराला बघायची गोष्ट नाही ती.

बॉल (हूकवरचा गोळा) आणि कपलर (मानेच्या टोकाची, त्या गोळ्यावर बसणारी वाटी) एकाच मापाचे पाहिजेत. बाजारात ५० मिलिमीटरचा बॉल आहे आणि दोन इंचाचा म्हणजे ५०.८ चा पण आहे, डोळ्याला दोन्ही सारखेच. दोन इंची कपलरमध्ये ५० चा बॉल घातला तर बसतो, लॉक पण होतो, आणि झिजलेला असला तर मोठ्या खड्ड्यात उडून बाहेर पण येतो. व्हर्नियर लावून मोजा, बॉल थोडा अंडाकृती झिजला असला तर फेकून द्या. लॉक केल्यावर ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवून मान वर उचलून बघायची, गाडीचं बूड सोबत उचललं पाहिजे. दोन साखळ्या लावायच्या, मानेखाली एकमेकीवरून फुलीसारख्या, म्हणजे कपलर निघालाच तर मान त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (तो काय ते खाली सांगतो) असला तर त्याची तुटती तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक ओढून मग तुटणारी, वेगळी लावायची, साखळीला नाही.

ओव्हररन ब्रेक म्हणजे गाडी थांबली की मागचा ट्रेलर पुढं रेटतो, त्या रेट्यानंच मानेतला दांडा आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात, वायर नाही की ऑईल नाही. जुन्या ट्रेलरमध्ये तो दांडा गंजून जाम असतो. मान हातानं आत ढकलून बघा, हलली नाही तर ब्रेक नुसता नावाला आहे. ड्रम उघडा, लायनर बघा, त्याच वेळी बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस आणि नवीन ऑईल सील. उभा राहिलेला ट्रेलर पळलेल्यापेक्षा जास्त खराब होतो. टायरचं पण तेच, नक्षी नवीकोरी दिसंल पण टायरवर चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा, असलं काही दिसलं तर नक्षीकडं न बघता बदलून टाका. निघाल्यावर पन्नास किलोमीटरनं थांबून नट परत आवळा आणि ट्रेलरच्या दोन्ही हबला (चाकाच्या मधल्या भागाला) उलटा हात लावून बघा. कोमट चालतो. एकच हब चटका देत असेल तर बेअरिंग चाललंय नाहीतर ब्रेक चिकटलाय, पुढं जायचं नाही.

स्कॉर्पिओला काय करायचं ते सांगतो, यात कंजुषी नको. ब्रेक ऑईल सगळं काढून नवीन. हे ऑईल हवेतला ओलावा पितं, नवीन डॉट ४ कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायलेल्यासाठी हीच हद्द १५५ वर येते, आणि घाटात ऑईल उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. पुढचे पॅड, मागचे लायनर, रेडिएटर बाहेरून धुणं, नवीन कूलंट, रेडिएटरची टोपी, थर्मोस्टॅट, पाईप दाबून बघणं. गरम इंजनाला फॅन जोरात पकडतो का बघा. क्लचची परीक्षा अशी, चौथ्या गिअरला चाळीसच्या आसपास जोरात दाबा, इंजन ओरडलं आणि गाडी जागच्या जागी तर क्लच प्लेट संपलीय. दिवे जोडताना ट्रेलरच्या अर्थिंगची तार नीट बसवा, निम्मी लाईटची भुतं त्या एका तारेतून निघतात, इंडिकेटर दिला की ब्रेकलाईट पण पेटते ती.

तुमचा रस्ता माझ्या रोजच्या पायाखालचा आहे. अंबाजोगाई, केजपर्यंत काही त्रास नाही, गतिरोधक तेवढे तिरके घेऊ नका, सरळ आणि हळू. मांजरसुंब्याहून बीडकडं जाताना घाट उतरायचा आहे. वरच थांबा, चहा प्या, ब्रेकला हात न लावता गार होऊ द्या, आणि उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाका, ज्या गिअरनं तो घाट चढला असता त्याच गिअरनं उतरायचा, तिसरा समजा, जड वाटलं तर दुसरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही, त्यानं ट्रेलरचा ओव्हररन पण पूर्ण घाटभर घासत राहतो आणि दोन्ही तापतात. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबायचा, उतरवायचा, सोडायचा. मागं ट्रकवाला हॉर्न मारायलाय? मारू द्या.

येताना तोच घाट चढायचा, तेव्हा दुपार नको. तिसऱ्यात इंजन फिरतं ठेवा, चौथ्यात धापा टाकत चढवू नका. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, आई बोलतील, बोलू द्या. थांबायची वेळ आली तर इंजन लगेच बंद करू नका, दोनतीन मिनिटं उभ्यानं फिरू द्या, टर्बो गार होतो, आणि रेडिएटरची टोपी तर अजिबात उघडू नका.

बीडच्या पुढं शहागडला गोदावरीचा पूल आहे, तिथं आडवा वारा आला तर ट्रेलरची उभी भिंत शिडासारखं काम करते, साठच्या खाली या. दिवाळीनंतर म्हणताय म्हणजे ऊस सुरू झालेला असणार, दोन-दोन ट्रॉल्या मागं, मागं लाईट नाही, वरून गाणी. अंधारात गाडी चालवूच नका. ओव्हरटेक करताना तुमची लांबी दुप्पट झालीय हे डोक्यात ठेवा, आरसे बाजूला वाढवलेले नसले तर तुम्हाला मागचं दिसतच नाही. दौलताबादला किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातून रस्ता जातो, तिथं ट्रेलर घालून लोकांना दोन तास उभं करू नका, तो वेरूळला जाणारा दुसऱ्या बाजूचा रस्ता आधीच विचारून ठेवा.

मुक्कामाला रानात उतरायचं असंल तर काळ्या मातीत टाच मारून बघा. टाच रुतली तर चाक पण रुतणार, पाऊस होऊन गेल्यावर वरून वाळलेली दिसते आणि खाली लोणी असते. ट्रेलर गाडीपासून सोडायच्या आधी त्याच्या दोन्ही चाकांना दगड. चालू गाडीत गॅसची टाकी बंद, आणि ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, लेकरं झोपली म्हणून पण नाही, आईला पाठ टेकायची म्हणून पण नाही.

कागदाचं विसरलो. ट्रेलर ही मोटार वाहन कायद्यानं वेगळी गाडी धरतात, तिचं स्वतःचं आरसी, स्वतःचा नंबर, स्वतःचा इन्शुरन्स. पैसे द्यायच्या आधी आरसीवरचा चॅसी नंबर ट्रेलरवर कोरलेल्याशी जुळवा. घरी बनवलेला आणि पासिंग करून देतो म्हणणारा असला तर घेऊ नका. तुमच्या विम्यात ट्रेलर ओढणं धरलंय का ते पण लेखी विचारा.

रिव्हर्स शिकायला मोंढा बंद असतो त्या दिवशी रिकाम्या आवारात एक तास काढा. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा, मग हात जिकडं सरकवाल तिकडं ट्रेलरचं बूड जातं, डोक्याचा गोंधळ होत नाही. लेकरांना उतरवून लांब उभं करा. तिथंच काटा पण आहे, तर तेव्हाच ती तीन वजनं करून घ्या आणि पावत्यांवरचे आकडे मला सांगा, मग हूक कुठला आणि ट्रेलर घ्यायचा का नाही ते बोलू.